सावरढाण्याच्या दोन खोल्या

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात मला शाल-श्रीफळ दिलं, तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की आता गाविलगड पाहायचा. नागपुरात जन्म गेला, पण मेळघाटचा डोंगर मी कधी चढले नव्हते. आज मुलीची परीक्षा, उद्या सासूबाईंचं आजारपण, आणि निवृत्तीनंतर गुडघा. डॉक्टर म्हणाले, "चढ टाळा." दोन वर्षं टाळला. मग यंदा जानेवारीत माझ्या मोठ्या नणंदेला, शकुताईंना फोन केला आणि म्हटलं, मी निघाले, तुम्ही येता का?

शकुताई काटोलजवळ राहतात. संत्र्याचा बगीचा आणि आठ एकर कोरडवाहू त्या स्वतः पाहतात. वय सहासष्ट, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "तू सांगशील त्या दिवशी येतो वं मालती. पण मले देवळं दाखव. दगडं पाहाले मी येत नाही."

बेत पाच दिवसांचा होता. चिखलदरा, तिथली छोटी संग्रहालयं, गाविलगड आणि परत येताना नरनाळ्याचा किल्ला. त्यातलं काय पाहिलं आणि काय राहिलं, ते सांगते.

चिखलदरा

परतवाड्याहून घाट सुरू झाला की कपाशीची शेतं खाली राहतात आणि साग सुरू होतो. काळीपिवळी जीपमध्ये आम्ही नऊ माणसं होतो. शकुताई खिडकीशी बसून प्रत्येक वळणावर "अरे देवा" म्हणत होत्या आणि तरी डोळे मिटत नव्हत्या.

दुपारी आम्ही तिथलं एक लहानसं जंगल-संग्रहालय पाहिलं. काचेमागे पक्ष्यांची घरटी होती, वाळलेली पानं होती, प्लास्टरमध्ये उमटवलेला वाघाचा पंजा होता. माझी सवय अशी की आधी वस्तूखालची चिठ्ठी वाचते आणि मग वस्तू पाहते. शकुताई उलट. चिठ्ठीकडे पाहतच नाहीत. सुगरणीच्या घरट्याजवळ त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "हे अर्धं सोडलेलं हाये. मादीले पसंत नसन आलं." मी चिठ्ठी पुन्हा वाचली. तिच्यावर नुसतं पक्ष्याचं नाव होतं.

संध्याकाळी टपरीवर कॉफी प्यायलो. इथे कॉफीची झाडं आहेत हे मला ऐकून माहीत होतं, पण दुधात उकळून, वेलची घालून, चहासारखी गाळलेली कॉफी मी पहिल्यांदाच घेतली. टपरीवाल्या बाईंनी आम्ही काय काय पाहणार ते विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, "मग सावरढाण्याले जा. तिथं गुरुजींनं दोन खोल्यांत सामान मांडलं हाये. सव्वीस तारखेच्या आत जा मात्र."

आत का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

गाविलगड

किल्ल्यावर आम्ही सकाळी सातला निघालो. दवानं गवत भिजलेलं होतं. पहिल्या दरवाजापर्यंत गुडघा गप्प होता, दुसऱ्यापाशी बोलू लागला. दरवाजावर दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आहे आणि त्यानं पंजात हत्ती धरलेत. मी त्याच्याकडे मान वर करून पाहत उभी होते, ती खरं म्हणजे दम खायला.

"परत जाऊ काय?" शकुताईंनी विचारलं.

"नाही."

"मंग बस दोन मिनिटं. काठी आणतो."

त्यांनी कुठूनशी एक वाळकी फांदी आणली, पायाखाली धरून मोडली, गाठी दगडावर घासल्या आणि माझ्या हातात दिली. त्या काठीवर मी आत मशिदीपर्यंत गेले, तलावाच्या काठाने फिरले, गवतात पडलेल्या तोफेवर हात ठेवला. वरून खाली वऱ्हाडाचा सपाट मुलूख दिसत होता, धुक्यात अर्धा. उतरताना शकुताईंच्या चपलेचा अंगठा तुटला. उरलेली वाट त्यांनी अनवाणी काढली, तक्रार न करता. माझा गुडघा दुसऱ्या दिवशी भोपळ्यासारखा सुजला. तरी मला गड पाहिल्याचं समाधान होतं.

सावरढाणा, पहिली दुपार

ढाणा म्हणजे कोरकू वस्ती. साठ-सत्तर घरं, एका सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, सगळी मातीनं सारवलेली. आपल्याकडे खेड्यात घरं जिथे जागा मिळेल तिथे बसतात. इथे जणू दोरी धरून बसवलीत.

गुरुजींचं नाव मोतीलाल कासदेकर. प्राथमिक शाळेत सगळी नोकरी झाली, तीही याच डोंगरात. पंचाहत्तरीच्या आसपासचे, उंच, डोक्याला मफलर. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत. आमच्या पावलांवरून त्यांनी ओळखलं की दोन बायका आहेत आणि एक लंगडते आहे.

जुन्या शाळेच्या दोन खोल्या होत्या, एक मोठी, एक लहान. आत जमिनीवर, खुंट्यांवर, बाकांवर वस्तू. वाळक्या भोपळ्याच्या तुंबड्या, मासे पकडायच्या टोपल्या, बांबूच्या बासऱ्या, ढोल, लाकडी कुलपं, मोहाची फुलं वेचायच्या परड्या, दगडी दिवे. एकीखालीही चिठ्ठी नव्हती.

"नावं कुठे आहेत, गुरुजी?" मी विचारलं.

"वही होती, बाई. वाळवीनं खाल्ली. त्यानंतर डोळे गेले. आता सगळं इथं आहे." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

सव्वीस तारखेचं कोडं तिथे उलगडलं. सरपंच सुनीताताई आल्या होत्या, तिशीच्या, कडेवर लेकरू. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. अंगणवाडीच्या खोलीचं छप्पर बसलंय, पोरं झाडाखाली बसतात. गावात दुसरी पक्की जागा नाही. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत दोन्ही खोल्या अंगणवाडीला द्यायचा विषय आहे. सामान जिल्ह्याच्या गावी एका गोदामात जाईल.

"गुरुजींनी मलाही शिकवलंय, मॅडम," त्या म्हणाल्या. "पण मी सभेला काय सांगू? हे कोणाचं, काय, किती, कागदावर एक ओळ नाही. यादी असती तर गावाची मालमत्ता म्हणून ठरावात घेतली असती. यादी नाही, तर लोक भंगार म्हणतात."

त्या दिवशी चोवीस तारीख होती. मी गुरुजींकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचा हात शेजारच्या ढोलावर होता, जसा आपण झोपलेल्या माणसावर ठेवतो.

"यादी मी करते," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर शकुताईंनी मला धरलं. "काहून वं मालती, आपण फिराले आलो का नोकरी कराले? उद्या नरनाळ्याले जाचं हाये ना?"

"नरनाळा कुठे पळून जात नाही, शकुताई. हे जातंय."

पिशवीतून रुमाल काढून त्यांनी डोक्याला बांधला. काम करायच्या आधी त्या नेहमी असंच करतात.

सावरढाणा, यादी

मी छत्तीस वर्षं पुस्तकांना नंबर दिले. रकाने आखायला मला पाच मिनिटं लागली. क्रमांक, वस्तू, कशाची, कशासाठी, कोणी दिली. गुरुजींच्या हातात एकेक वस्तू द्यायची, त्यांनी चाचपून सांगायचं, मी लिहायचं. पहिल्या तासात अकरा वस्तू झाल्या. या वेगानं पुरे होणार नव्हतं, म्हणून ओळखू येतील त्या वस्तू मी स्वतःच लिहू लागले. बारा नंबरला बांबूची एक पोकळ नळी होती, वर लाकडी फुलपात्रासारखं तोंड. मी लिहिलं, "फुंकून वाजवायचे वाद्य."

शकुताईंनी वहीत डोकावलं आणि पोट धरून हसल्या. "वाजवाचं नाही वं हे, पेराचं हाये! वखरामागं बांधाचं अन् वरून मुठीनं दाणे सोडाचे. आमच्याकडं याले सरतं म्हणते. लगन झालं तवा पहिल्या वर्षी मी याच्यानंच ज्वारी पेरली."

दारात चार-पाच बायका जमल्या होत्या. त्याही हसायला लागल्या. मी लाजले, खोडलं, पुन्हा लिहिलं. पण त्या हसण्यानं काम सोपं झालं. एक बाई आत आली, परडी उचलून म्हणाली, "ही माझ्या सासूनं विणली." दुसरीनं तुंबडी घेतली. शकुताई जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली, हे कसं विणता, यात किती दिवस बी राहते, याले उंदीर लागत नाही काय. बायका सांगत गेल्या, अर्ध्या कोरकूत, अर्ध्या हिंदीत. गुरुजी मधेमधे मराठी करून देत. मी लिहीत गेले. कोणी दिली हा रकाना, जो गुरुजींना कधीकधी आठवत नव्हता, तो दारातून आपोआप भरत होता.

राहिलो गुरुजींच्याच घरी. त्यांच्या सुनेनं, फुलवंतीनं, कुटकीचा भात आणि तुरीचं वरण वाढलं. कुटकीचा दाणा राळ्याएवढा. घशाखाली उतरताना तांदळासारखा घसरत नाही, जिभेवर थांबतो. सोबत भाजलेली मोहाची फुलं होती, बेदाण्यासारखी. नागपुरात मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते. फुलवंती म्हणाली, "पावसाळ्यात धान्य संपतं तेव्हा आम्ही हेच खाऊन राहतो." मी फुलं खाल्ली. माझ्या सुजल्या गुडघ्यावर तिनं कसलासा पाला गरम करून बांधला. सकाळी सूज अर्ध्यावर आली होती. पाल्याचं नाव मी विचारलं नाही, याची आता चुटपुट लागते.

पंचवीसला संध्याकाळी बहात्तर वस्तू झाल्या होत्या. लहान खोलीतलं कपाट सरकवलं, तेव्हा त्याच्यामागे भिंतीला टेकवलेली एक सागवानी फळी निघाली. कमरेएवढी उंच, धुळीनं माखलेली. वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र कोरलेले दिसत होते. इतकी देखणी वस्तू त्या खोल्यांत दुसरी नव्हती. मी ती गुरुजींच्या हातात दिली.

त्यांची बोटं सूर्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"ही इथंच राहिली होय?" ते हळू म्हणाले. मग सांगितलं. कोरकू माणूस गेला की काही वर्षांनी त्याच्यासाठी एक विधी करतात, सिडोली. त्यात अशी फळी कोरून गावाबाहेर झाडाखाली उभी करतात. तिला मुंडा म्हणतात. त्या दिवसापासून गेलेला माणूस तिथे राहतो. ही फळी सुखरामची. एका वादळात ती पडली. त्याच सुमारास जुन्या वस्तू विकत घेणारा एक माणूस जीप घेऊन गावोगाव फिरत होता. सुखरामचा मुलगा साबूलाल तेव्हा वीटभट्टीवर गेलेला. फळी चोरीला जाऊ नये म्हणून गुरुजींनी ती उचलून आणली, कपाटामागे लपवली. मग डोळे गेले, आणि ती लक्षातूनच गेली.

"साबूलाल पलीकडच्या ढाण्यात असतो. निरोप पाठवतो. ही यादीत लिहू नका, बाई."

मी तोवर क्रमांक त्र्याहत्तर लिहून मोकळी झाले होते.

"गुरुजी, एवढी एकच वस्तू अशी आहे की जी पाहून कोणीही म्हणेल, याला जागा हवी. उद्यापुरती तरी राहू द्या. खोली वाचेल."

"खोली वाचवायला सुखरामला कोंडून ठेवू?"

मी वही मिटली. पण ओळ खोडली नाही. खरं सांगते, मुद्दाम खोडली नाही. दोन दिवस राबले होते, गड उतरल्यापासून पाय धड टेकवत नव्हता, आणि मला ती खोली वाचवायचीच होती. ठराव झाला की खोडू, असं मी स्वतःला समजावलं.

ग्रामसभा

झेंडावंदन झालं, पोरांनी लेझीम खेळली, जिलेबी वाटली. मग शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकून सभा बसली. सुनीताताईंनी आधी अंगणवाडीचा विषय मांडला आणि त्यावर कोणाचंच दुमत नव्हतं. मग म्हणाल्या, "खोल्यांतल्या सामानाची यादी तयार झाली आहे. मॅडम वाचतील."

मी वाचू लागले. क्रमांक एक, ढोल, देणार अमुक. तिसऱ्या-चौथ्या नावाला मागून कोणीतरी म्हणालं, "हो, माझा आजा." पुढच्या नावाला एक बाई हात वर करून उभी राहिली. मग प्रत्येक नावाला कोणी ना कोणी उठू लागलं. ज्याला कोणी उठलं नाही, त्याच्यासाठी शेजारी बोलायचे, ते घर आता अकोटला गेलं, त्यांची पोरगी धारणीला दिली. गुरुजी खुर्चीवर मान खाली घालून ऐकत होते.

शकुताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. बहात्तर झालं आणि त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. त्यांना माहीत होतं.

मी वाचलं. "क्रमांक त्र्याहत्तर. स्मृतिफळी, सागवानी, सूर्यचंद्र कोरलेले. सुखराम यांची."

सगळ्यात मागे एक माणूस उठला. साठीचा, काळासावळा, खांद्यावर ब्लँकेट. पलीकडच्या ढाण्यातून सकाळी चालत आला असावा, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले होते.

"बाई," तो म्हणाला, "ये सामान नहीं है. मेरा बाप है."

मी गुरुजींकडे पाहिलं. हे माझं मलाच निस्तरायचं होतं.

मी उभी राहिले. "चूक माझी आहे, दादा. गुरुजींनी नको म्हटलं होतं. माहीत असून मी लिहिलं. आत्ता खोडते."

साबूलाल सतरंजीवरून वाट काढत पुढे आला. वहीकडे पाहिलं. "इसमें कौनसा है?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"नंबर काढा," तो म्हणाला. "नाव राहू द्या. गावातल्या सगळ्यांच्या बापाचं नाव हाये यात, मेरे बाप का क्यों नहीं?"

मी नंबर खोडला. कशाची, कशासाठी, सगळं खोडलं. ओळीत नुसतं "सुखराम" राहिलं.

त्यानंतर सभेला वेगळाच रंग चढला. यादीच्या वेळी परडी ओळखणारी बाई उठली आणि म्हणाली, मोठी खोली पोरांना द्या, छोटी गुरुजींकडे राहू द्या. मावत नाही ते आमचं आम्ही घरी नेतो, नीट ठेवतो. पण वहीत लिहा की कोणत्या घरी आहे. ज्याला पाहायचं तो घरी येईल. दुसऱ्या एकानं विचारलं, घरी नेऊन विकलं तर? ती म्हणाली, "नाव लिहिलंय ना. सगळा गाव विचारेल."

सुनीताताईंनी ठराव तसाच लिहून घेतला. सामान जिल्ह्याला जाणार नाही. मी वहीला एक रकाना वाढवला, "सध्या कोणाकडे," आणि संध्याकाळपर्यंत शकुताईंबरोबर दारोदार फिरून तो भरला. सरतं ज्या घरी गेलं, तिथल्या म्हाताऱ्याला शकुताईंनी दोनदा बजावलं, "ओल लागू देऊ नका गा, बांबू फुटते." घरोघर चहा झाला. त्या दिवशी मी किती कप प्यायले कोण जाणे.

मी दोन खोल्यांचं संग्रहालय वाचवायला बसले होते. उरली एकच. पण निघताना गुरुजी म्हणाले, "बाई, आजवर लोक माझ्याकडे सामान टाकून जायचे. आज पहिल्यांदा मागायला आले." त्यांचा चेहरा पाहून मी खोलीचा हिशेब सोडून दिला.

झाडाखाली

शेवटच्या सकाळी, गाडीची वेळ व्हायच्या आधी, साबूलाल आम्हाला घ्यायला आला. फळी पुन्हा बसवल्याचा विधी पुढे यथासांग होणारच होता, गावच्या पुजाऱ्याशी त्याचं बोलणं झालं होतं. पण फळी तोवरसुद्धा घरात ठेवायची नाही, असं ठरलं. गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे एक मोठं झाड होतं. त्याखाली अशा बऱ्याच फळ्या उभ्या होत्या, काही नव्या, काही झिजून काठीसारख्या झालेल्या. आम्ही चपला लांब काढल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं, शकुताईंनी काढल्या म्हणून मी काढल्या.

साबूलालनं ओढ्यातून पाणी आणलं आणि फळी धुतली. इतक्या वर्षांची धूळ उतरली, तशी सूर्यचंद्राच्या खालची आकृती दिसू लागली. एक माणूस घोड्यावर बसलेला. लगाम हातात, घोड्याचा पाय उचललेला. कोरणाऱ्याचा हात मोठा सफाईचा होता. कपाटामागच्या अंधारात मी हे पाहिलंच नव्हतं.

मला वाटलं, सुखराम गावचा पाटील असेल, कोणी मातब्बर माणूस.

"तुमच्या वडलांकडे घोडा होता?" मी विचारलं.

साबूलाल फळीच्या बुडाशी माती दाबत होता. हात न थांबवता म्हणाला, "घोडा कहाँ से होगा, बाई. जनमभर पैदल चला. धारणी, परतवाडा, जिथं काम मिळन तिथं पैदल."

त्यानं तळव्यानं माती सपाट केली आणि उठून उभा राहिला.

"म्हणून तर दिला."